कंसातलं शून्य

जुनी मोटार घेतली की माणसाला दोन शोध लागतात. गाडीत काय काय नाही, हा पहिला; आणि आपल्याला काय काय कळत नाही, हा दुसरा. माझा पहिला शोध तीन महिन्यांत पुरा झाला. दुसरा अजून चालू आहे.

मी बँकेत कारकून. वय 46, शिक्षण बी.कॉम., आणि सेवा 22 वर्षं. या 22 वर्षांत मी लोकांच्या मोटारींची इतकी कर्जप्रकरणं हाताळली आहेत, की मोटार ही चार चाकांवर नसून चार प्रतींत असते असं माझं मत झालं होतं. स्वतःची गाडी मात्र नव्हती. आई सासवडला थोरल्या भावाकडे असते. दर दुसऱ्या रविवारी आम्ही पुण्याहून एस.टी.ने जायचो. पण आईचे गुडघे बोलायला लागले आणि तिला दवाखान्यात ने-आण करायची म्हणजे गाडी हवी, असं ठरलं. नवी घेण्याची ऐपत नव्हती आणि जुनी घेण्याची अक्कल नव्हती. दोन्हीपैकी ऐपतीची अडचण जास्त खरी वाटली, म्हणून जुनी घ्यायचं ठरवलं.

मेहुण्याने एक एजंट गाठून दिला. जुन्या गाड्यांच्या बाजाराचा एक नियम आहे. तिथली प्रत्येक गाडी एखाद्या डॉक्टरची असते आणि तो डॉक्टर ती फक्त रविवारी बाहेर काढत असतो. आमचीही तशीच होती. 2016 सालची, पांढरी, चार दारांची.

"फुल्ली लोडेड आहे साहेब," एजंट म्हणाला.

मी मागचं दार उघडून पाहिलं. आत काहीच लादलेलं नव्हतं. तेव्हा तो हसला आणि त्याने मला विद्या दिली. एकाच मॉडेलचे दोन-चार प्रकार असतात. खालचा, मधला, वरचा. प्रकार मागच्या दारावरच्या अक्षरांवरून ओळखायचा. एका कंपनीची एल, व्ही आणि झेड ही उतरंड आहे. दुसरीची इरा, मॅग्ना, स्पोर्ट्झ, अस्टा अशी मुलींची नावं शोभावीत अशी आहे. खालच्या प्रकारात चाकं, इंजिन आणि छप्पर एवढं मिळतं. बाकीची सुखं वर चढावं तशी मिळत जातात. एकंदरीत चातुर्मासातल्या कहाणीसारखं. उतू नये, मातू नये, आणि वरचा प्रकार घ्यायचा वसा टाकू नये.

"ही मधल्याची आहे," तो अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला. "धुक्यातले दिवे, रिमोटचं कुलूप, चार स्पीकर, सगळं आहे. मधल्याचे पंचवीस हजार जास्त पडतील."

मी ते मान्य केलं. बी.कॉम.ला आम्हाला गुडविल शिकवलं होतं. दिसत नाही पण किंमत असते, ते गुडविल. इथे तर अक्षरं चांगली चकचकीत दिसत होती.

आता मी गाडी तपासली नाही असं कुणी म्हणू नये. मी ती तीन तास तपासली. फक्त कागदावर तपासली. आर.सी.वरचा चेसिस नंबर आणि गाडीच्या पत्र्यावर कोरलेला चेसिस नंबर भिंग घेऊन अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. तो सतरा अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. आय हा एकासारखा दिसतो आणि ओ, क्यू शून्यासारखे, म्हणून. हे वाचलं तेव्हा मला अगदी घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. एकाचे सात आणि शून्याचे सहा करणाऱ्यांशी माझी हयात गेली आहे. मग आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याची नोंद पाहिली, त्याच्या बँकेचा नमुना 35 पाहिला, मालकी बदलाचे नमुने 29 आणि 30 स्वतःच्या अक्षरात भरले. एजंट माझ्याकडे आदराने पाहत होता. गाडीकडे न पाहणारं गिऱ्हाईक त्याला रोज भेटत नसावं.

आर.सी.वर मॉडेलच्या नावापुढे कंसात एक वर्तुळ होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"शून्य आहे साहेब. त्याला काही अर्थ नाही."

मलाही पटलं. चेसिस नंबरात ओ वापरत नाहीत हे ज्ञान ताजं होतं, तेव्हा हे शून्यच असणार. शिवाय कंसातला आकडा म्हणजे आमच्याकडे वजा. वजा शून्य म्हणजे काहीच नाही. मी तिथे पेन्सिलीने बरोबरची खूण केली. त्या वर्तुळाच्या अलीकडची अक्षरं आणि मागच्या दारावरची अक्षरं वेगळी होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. आकडे जुळले की आम्ही अक्षरं वाचत नाही.

गाडी घरी आली. हिने ओवाळलं, कन्येने चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मी ते चिरडून अंगणभर रस केला. दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला.

माझ्या उजव्या गुडघ्यापाशी चार बटणांची एक ओळ होती. धुक्यातले दिवे लावून पाहावेत म्हणून मी पहिलं दाबलं. ते दाबलं गेलं नाही. दुसरंही नाही, तिसरंही नाही. चौथ्याने हेडलाइट खाली-वर झाले. जुनं यंत्र आहे, बसलं असेल, म्हणून मी तिन्ही बटणांना खोबरेल तेल दिलं. शेवटी मेहुणा आला आणि म्हणाला, "दाजी, ही बटणं नाहीत. बटणांच्या जागेची झाकणं आहेत." म्हणजे कारखान्यात डॅशबोर्ड सगळ्या प्रकारांना एकच. ज्याने वरचा प्रकार घेतला त्याला तिथे बटण, ज्याने खालचा घेतला त्याला तिथे प्लास्टिकचा तुकडा. आपल्याला काय मिळालं नाही ते रोज डोळ्यांसमोर राहावं, एवढी सोय मात्र सगळ्यांना सारखी. आमच्या शाखेत दारातच "चौकशी" अशी पाटी लावलेलं एक टेबल आहे. त्याच्यामागे गेल्या सहा वर्षांत कुणी बसलेलं नाही. पण टेबल पुसतात रोज. मला त्या बटणांचा एकदम कळवळा आला.

मग मी खाली वाकून पुढचा बंपर पाहिला. धुक्यातल्या दिव्यांच्या जागी दोन काळ्या वाटोळ्या चकत्या होत्या. मागच्या दारांना स्पीकरच्या जाळ्या होत्या. कन्येने जाळीला कान लावला आणि सांगितलं, "बाबा, इथून गाणं नाही, वारा येतोय." मागच्या काचा हाताने फिरवायच्या होत्या. एजंटकडे मी मागच्या सीटवर बसून पाहिलंच नव्हतं. चालवणार मी, मग मागे कशाला बसू?

रिमोटची तर वेगळीच कथा. किल्लीबरोबर एक छोटा रिमोट मिळाला होता. "सेल गेलाय साहेब, तेवढा टाका," असं एजंट म्हणाला होता. मी तीन सेल बदलले. रिमोटवरचा तांबडा दिवा लागायचा, पण गाडी हूं की चूं करायची नाही. गल्लीतल्या मिस्त्रीने तो उलटासुलटा करून पाहिला आणि निकाल दिला, "रिमोट चांगला आहे साहेब. गाडीत त्याचं ऐकणारं कुणी नाही." अशी आमच्या मुख्य कचेरीतून रोज परिपत्रकं येतात.

मग मी पुस्तक काढलं. गाडीबरोबर येणारं पुस्तक हा आपल्याकडे न वाचण्याच्या ग्रंथांपैकी एक मोठा ग्रंथ आहे. मी तो पाठ टेकून रात्री वाचायला घेतला. त्यात मागच्या काचेचा वायपर होता, आरसे आतून वळवण्याची सोय होती, सीट उंच-सखल करण्याचा दांडा होता. मी हरखून जायचो आणि मग ओळीच्या शेवटी एक चांदणी दिसायची. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, "असल्यास." तीनशेच्या वर पानं आणि पानोपानी असल्यास. कारण पुस्तकही डॅशबोर्डसारखं, सगळ्या प्रकारांना एकच. लग्नाच्या यादीत "वरपक्षाची माणसं, आल्यास" असं लिहिलेलं मी वाचलं होतं. पण अख्खा ग्रंथ या एका शब्दावर उभा केलेला पहिल्यांदा पाहिला.

"झोपा आता," ही म्हणाली. "नसल्यास उद्या वाचा."

रविवारी मी नाना पेठेत गेलो. मोटारीच्या सुट्या भागांचं जे दुकान दिसेल त्यात मागच्या दारावरची अक्षरं दाखवून त्यांचा अर्थ विचारावा, असा बेत होता. दुकानदाराने अर्थ सांगितला नाही. त्याने फळीवरून एक खोका काढला. त्यात सगळ्या कंपन्यांची सगळी अक्षरं चकचकीत वेष्टनांत मांडलेली होती.

"कुठलं पाहिजे? मागे चिकटपट्टी आहे. पुसायचं आणि लावायचं. ऐंशी रुपये."

मी पंचवीस हजारांत ऐंशी वेळा ऐंशी जातात का ते मनात करून पाहिलं. तीनशे बारा अक्षरं आली असती. सबंध आळीच्या गाड्या मधल्या करता आल्या असत्या.

आता मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. ज्याच्यावर विश्वास ठेवला ते अक्षर खोटं निघालं, तर खरं काय ते मूळ खातेवहीत पाहायला हवं. मोटारीची मूळ खातेवही कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये असते, हे मिस्त्रीने सांगितलं. चेसिस नंबर दिला की गाडी कारखान्यातून कुठल्या प्रकाराची निघाली आणि तिथे तिची कुठली कुठली दुरुस्ती झाली, ते त्यांच्या संगणकावर दिसतं. घेण्याआधी दहा मिनिटं तिथे गेलो असतो, तर तीन महिन्यांचा अभ्यास वाचला असता. पण अभ्यास वाचवणं आमच्या घराण्यात नाही.

काउंटरवरच्या मुलीने सतरा अक्षरं टिपली आणि पडद्याकडे पाहत म्हणाली, "सर, तुमची गाडी बेस मॉडेल आहे. ओ."

"ओ," मी म्हणालो. मला वाटलं, ती मला हाक मारतेय.

"ओ म्हणजे ऑप्शन. कंसातला ओ. त्या वर्षांत खालच्या प्रकारातही ज्यादा पैसे भरून सुरक्षेची वस्तू घेता यायची. तुमच्या गाडीला ड्रायव्हरची एअरबॅग आहे."

मी तिला आर.सी.वरचं शून्य दाखवलं. "हेच," ती म्हणाली. तेवढ्यात तिथले पिकल्या मिशांचे फोरमन आले. त्यांनी गाडीची किल्ली अर्धी फिरवली आणि समोरच्या दिव्यांकडे बोट दाखवलं. सीटवर बसलेला एक माणूस आणि त्याच्या पोटापुढे एक वाटोळा गोळा, असं चित्र उमटलं, काही सेकंद राहिलं आणि विझलं. ते मी रोज पाहत होतो. चालक चाळिशीच्या पुढचा असल्याचं गाडी ओळखते, अशी माझी समजूत होती.

"हा लागून विझला पाहिजे," ते म्हणाले. "लागलाच नाही तर एअरबॅग नाही किंवा कुणीतरी उचकलंय. लागून राहिला तर बिघाड. तुमचं ठीक आहे." मग स्टिअरिंगच्या मधोमध दुसऱ्या मालकाने चिकटवलेलं गणपतीचं मोठं स्टिकर त्यांनी नखाने हळूच, नमस्कार करून सोडवलं. खाली एसआरएस एअरबॅग अशी अक्षरं निघाली. कोरलेली. नाना पेठेत न मिळणारी.

"यावर काही लावू नका. पिशवी इथून फुटून येते. आणि साहेब, यातल्या पहिल्या एसचा अर्थ ठाऊक आहे? पुरवणी. उत्तरपत्रिका म्हणजे पट्टा. पट्टा न लावता नुसत्या पिशवीवर बसलात, तर पेपर कोरा ठेवून पुरवणी जोडल्यासारखं होईल."

मी तिथल्या बाकावर बसून हिशोब मांडला. या गाडीचा मी तिसरा मालक. पहिल्या मालकाने गाडी घेताना धुक्यातले दिवे घेतले नाहीत, स्पीकर घेतले नाहीत, मागच्या काचांचं बटण घेतलं नाही. एक कंसातला ओ तेवढा घेतला. तेव्हा तसा कायदाही नव्हता. चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती 1 जुलै 2019 पासून. त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी त्याने पैसे भरले. तो डॉक्टर असेल तर खरा डॉक्टर असला पाहिजे. मग दुसरा मालक आला. त्याच्याकडे असताना किंवा एजंटाकडे असताना केव्हातरी त्या अक्षराला ऐंशी रुपये पडले. आणि मी तिसरा. मी अक्षराचे पंचवीस हजार दिले आणि एअरबॅग मला फुकट मिळाली. जे सांगितलं ते नव्हतं, आणि जे होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. 22 वर्षांत इतका चुकलेला ताळेबंद माझ्या हातून गेला नव्हता.

"आणि डावीकडची?" मी विचारलं.

"डावीकडे नाही. त्या वेळी या प्रकाराला एकच."

"बसवून द्या. काय होतील ते होऊ देत."

फोरमननी मान हलवली. पिशवी म्हणजे खिळ्याला अडकवायची वस्तू नव्हे. डॅशबोर्ड वेगळा, तारा वेगळ्या, धक्का ओळखून निरोप देणारं यंत्र वेगळं. कारखान्यात बसली तर बसली, मागाहून जोड देता येत नाही. नव्या गाड्यांना डावीकडचीही आता सक्तीची आहे. पण चालकाशेजारच्या माणसाला जीव असतो हे कायद्याच्या वहीत चढायला 2021 साल संपावं लागलं. आमची गाडी 2016 ची. स्टिकर त्यांनी माझ्या हातात दिलं. मी ते डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर चिकटवलं. जिथे पिशवी नाही तिथे निदान बाप्पा असावा.

घरी मी हिला सगळं सांगितलं. डावीकडचं सांगितलं नाही.

त्या रविवारी सासवडला निघालो. मी पट्टा लावून उजवीकडे. ही डावीकडे, पट्टा लावलेला आणि मांडीवर आईसाठी केलेल्या पुरणपोळ्यांचा डबा. कन्या मागे, हाताने काच फिरवत. दिवे घाटाच्या वळणावर पुढच्या ट्रकने एकाएकी ब्रेक मारला. मीही मारला. काही झालं नाही. दोघांच्या मध्ये चांगलं हातभर अंतर राहिलं. पण गाडी थांबली तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा डावा हात स्टिअरिंगवर नव्हता. तो आडवा होऊन हिच्यापुढे गेला होता. डब्याचं झाकण उघडलं होतं आणि माझी बोटं पुरणात होती.

"अहो, हे काय?" ही म्हणाली.

"डावीकडची एअरबॅग," मी म्हणालो, आणि मग सगळं सांगावं लागलं.

ती काही बोलली नाही. तिने बाप्पाकडे पाहिलं आणि मग रुमालाने माझी बोटं पुसली. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. हिचं मोटारीचं लायसन्स माझ्या आधीचं आहे. वेळच्या वेळी नूतनीकरण करून ते कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवलेलं असतं. दहा वर्षांपूर्वी मेहुण्याची गाडी तिने चालवायला घेतली होती. शेजारी बसून मी लकडी पुलापर्यंत इतक्या सूचना केल्या की पुलाच्या तोंडाशी तिने गाडी बाजूला घेतली, किल्ली माझ्या हातात दिली आणि रिक्षाने घरी गेली. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मी बरेचदा म्हटलं होतं, "चालव की." पण चूक झाली असं म्हटलं नव्हतं. आमच्यात चूक दुरुस्त करायची म्हणजे उलटी नोंद करतात. तोंडाने काही बोलत नाहीत.

सासवडहून निघताना मी डावीकडचं दार उघडलं आणि आत बसलो. डबा मांडीवर घेतला.

"हे काय, तब्येत बरी आहे ना?" तिने विचारलं.

"पाठ दुखतेय. तू घे."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझी पाठ कधी दुखत नाही, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पण ती वळसा घालून उजवीकडे आली, सीट पुढे ओढली आणि आरसा सारखा केला. किल्ली फिरवली. तो गोळेवाला माणूस लागला आणि विझला.

"हे चित्र कसलं?"

"आहे असं सांगतंय," मी म्हणालो.

आई दारात उभी होती. सून गाडी चालवतेय आणि लेक डबा घेऊन बसलाय, हे पाहून तिने तोंडाला पदर लावला. ती हसली की रडली ते मला कळलं नाही. गाडी गल्लीबाहेर पडली. तिसरा गिअर जरा आधी टाकायला हवा होता. समोरच्या सायकलवाल्याला हॉर्न द्यायला हवा होता. पेट्रोल पंपाच्या वळणावर... मी डब्याचं झाकण घट्ट धरलं आणि बाप्पाकडे पाहत राहिलो. घाट उतरेपर्यंत एकही सूचना केली नाही. माझ्या 22 वर्षांच्या नोकरीत एवढी मोठी रक्कम मी कधी सोडून दिली नव्हती.

हडपसरला सिग्नलशी गाडी थांबली तेव्हा ती रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "अहो, पट्टा सैल आहे तुमचा. ओढून घ्या. तुमच्याकडे पुरवणी नाहीये."

मी पट्टा ओढून घेतला.

मागच्या दारावरचं अक्षर मी दुसऱ्या दिवशी रॉकेलने पुसून काढलं. आता तिथे काही नाही. कुणी विचारलंच, तुमची गाडी कुठल्या प्रकाराची, तर मी सांगतो, खालच्या. कंसात शून्य.